अंगणातील वैद्यमाता : अडुळसा

दक्षिण दिल्लीतील मुनिरका हे मूळचे खेडेगाव. आज तेथे घराला घर लागले आहे; चिंचोळ्या गल्ल्यांत अंगणाला जागा उरलेली नाही. जवळच अरवली पर्वताच्या खडकाळ टेकड्यांवर संजय वन पसरले आहे. अशा टेकड्यांवर कोणीही न लावलेले एक हिरवे झुडूप वाढते. हिंदी भाषक त्याला 'अडूसा' म्हणतात. महाराष्ट्रातून आलेला माणूस मात्र पाहताच ओळखतो, की हा आपला अडुळसा!

अडुळशाची पाने लांबट, टोकदार व कडू असतात. पांढरे फूल जबडा उघडलेल्या सिंहासारखे दिसते, म्हणून संस्कृतात त्याला 'सिंहास्य' हे नाव आहे. 'अमरकोशा'त 'वैद्यमाता' असेही त्याचे नाव आढळते.

त्याची लागवड सोपी आहे. पावसाळ्यात जून फांदीचे वीतभर लांबीचे तुकडे करावेत आणि दोन पेरी मातीत जातील असे लावावेत. पाणी साचू देऊ नये. शेळ्या हा पाला सहसा खात नाहीत. त्यामुळे कुंपणालाही तो उपयोगी पडतो. अंगण नसेल, तर मोठी कुंडी पुरते.

खोकल्यावर पाने वाफवून काढलेला रस मधातून देण्याची प्रथा जुनी आहे. या पानांत 'व्हॅसिसिन' हे द्रव्य असते. त्याच्या आधारे विसाव्या शतकात 'ब्रोमहेक्सिन' हे कफ पातळ करणारे औषध तयार झाले. मात्र गर्भवती स्त्रियांनी अडुळसा घेऊ नये. त्याने गर्भाशय आकुंचन पावू शकते. एक वर्षाखालील बाळाला मध देऊ नये.

जुन्या ग्रंथांत क्षयावरही अडुळसा सांगितला आहे. येथेच सावध राहावे. क्षयाचे जंतू रॉबर्ट कॉख यांनी 1882 मध्ये शोधले. ते अडुळशाने मरत नाहीत. काढ्याने खोकला काहीसा कमी होतो, रोग आत वाढत राहतो आणि दाटीच्या खोलीत तो इतरांनाही जडतो. म्हणून खोकला दोन आठवडे टिकला किंवा थुंकीतून रक्त पडले, तर सरकारी आरोग्य केंद्रात तपासणी करून घ्यावी. तेथे क्षयाची तपासणी व औषधे मोफत मिळतात. औषधे पूर्ण मुदतीपर्यंत घेतल्यास हा रोग बहुधा बरा होतो.

साध्या खोकल्यात अडुळसा सोबती आहे. रोगाचे निदान मात्र त्याच्यावर सोपवू नये.

शब्दार्थ
आस्य – मुख
जून – पक्व, कोवळी नसलेली
निदान – रोगाची ओळख

पाठगत प्रश्न
1. अडुळशाला 'सिंहास्य' का म्हणतात?
2. अडुळशाची लागवड कशी करावी?
3. दीर्घकाळच्या खोकल्यात केवळ काढ्यावर विसंबणे धोक्याचे का आहे?