मंडपावर चढवावयाचा वेल

बागेंत मंडप उभा राहिला म्हणजे त्यावर सांवली केव्हां होईल याची सर्वांसच घाई होते, व त्या घाईंत "सर्वांत जलद वाढणारा वेल द्या" असें आपण रोपवाल्यास सांगतों. परंतु वेल किती वेगानें वाढतो हें विचारण्यापूर्वीं तो कशाच्या आधारें चढतो व पुढें किती जड होतो हें विचारणें अधिक सयुक्तिक होय. जो वेल थोडक्याच काळांत मंडप झांकतो, तोच पुढें पावसाच्या पाण्यानें जड होऊन बांबूचा मंडप खालीं बसवितो. आणि मंडपाखालीं तर मुलें बसावयाचीं असतात.

चार्ल्स डार्विन यानें १८६५ सालीं वेलांच्या हालचालींविषयीं एक विस्तृत निबंध प्रसिद्ध केला. कांहीं वेल आधाराभोंवतीं वेढे घालतात, कांहीं दोऱ्यासारख्या तणाव्यांनीं धरतात, कांहीं आंकड्यांनीं अडकतात व कांहीं मुळ्यांनीं चिकटतात, असे भेद त्यानें दाखविले. हॉप नांवाच्या वेलाचा शेंडा सुमारें २ तास ८ मिनिटांत हवेंत एक फेरा पुरा करतो, हें त्यानें वेळ मोजून पाहिलें. आमच्या विद्यार्थ्यांनीं हाच प्रयोग गोकर्णीवर अवश्य करावा; एक काडी, एक घड्याळ व थोडा धीर एवढेंच साहित्य लागतें.

गोकर्णी व गणेशवेल हे वेढे घालणारे असल्यामुळें त्यांस बारीक आधार हवा. जाड खांबास त्यांची मिठी बसत नाहीं. खांबालगत सुतळी ताणून दिली कीं काम झालें. मृगाच्या पावसांत बीं पेरलें तर त्याच पावसाळ्यांत फुलें दिसतात, व भार असा होतच नाहीं. बांबूच्या मंडपास आम्हीं हेच वेल सुचवितों. गणेशवेल मात्र एका हंगामाचा. ऐन वैशाखांत, जेव्हां सांवली हवी तेव्हां, तो वाळून गेलेला असतो.

बारमाही सांवलीसाठीं मधुमालतीसारखा दुसरा वेल आम्हांस दिसत नाहीं. (संस्कृत काव्यांतील माधवी ती ही नव्हे, ती निराळी.) पान गळाल्यावर तिच्या देंठाचा खालचा भाग कठीण होऊन कांट्यासारखा राहतो, व त्या आंकड्यांनीं ती वर चढते. तिचें फूल सायंकाळीं पांढरें उमलतें, पुढें गुलाबी होतें व अखेर लाल. पांढऱ्या फुलांकडे रात्रीं लांब सोंडेचे पतंग येतात. रंग चढल्यावर मधमाशा व पक्षी येतात. एकाच घोंसांत तिन्ही रंग दिसण्याचें कारण फुलांच्या वयांतील फरक हें होय. परंतु तिचें खोड लांकडासारखें जाड होतें. म्हणून लोखंडी नळांचा मंडप, व त्याचे खांब निदान दोन फूट जमिनींत पक्के बसविलेले, अशी तयारी असेल तरच ती लावावी.

पौष-माघांत नारिंगी फुलांनीं भरणारा संक्रांतवेल मूळचा दक्षिण अमेरिकेंतील. तो तणाव्यांनीं धरतो, आणि त्यासही बळकट मंडपच लागतो. बोगनवेल आपण होऊन धरीत नाहीं, बांधावी लागते. शिवाय तिचे कांटे मुलांच्या डोक्याच्या उंचीवर येतात, तेव्हां ती कुंपणावरच बरी. गुलाबी फुलांचा आइसक्रीमवेल दिसतो फार सुंदर, पण त्याचें मूळ कंदाचें असल्यामुळें वरून तोडला तरी पुन्हां फुटतो. शेजाऱ्यांशीं सलोखा ठेवावयाचा असेल त्यानें तो विचारपूर्वक लावावा.

कोणताही वेल खांबास अगदीं चिकटून लावूं नये. हातभर अंतरावर दीड फूट खोल खड्डा करून शेणखत व माती भरावी आणि रोप किंचित् खांबाकडे कलतें ठेवावें. मधुमालतीस फुलें नव्या फुटीवर येतात, म्हणून तिची छाटणी हिवाळ्याच्या अखेरीस करावी. संक्रांतवेलाची मात्र बहर ओसरल्यावरच.