डोंगरची माती, खाडीचा गाळ

पोलादपूर तालुक्यातील कुडपण हे डोंगरावरचे गाव. तिथल्या दुकानदाराला समुद्राच्या तळाशी काय कर्तव्य, असे आमचे वाचक विचारतील. पण कोकणच्या खाड्यांत साचणारा बराचसा गाळ सह्याद्रीच्या अशाच उतारांवरून सुटतो.

या भागातली मोठी नदी सावित्री. महाबळेश्वरला उगम, पुढे पोलादपूर, महाड, दासगाव आणि शेवटी बाणकोटची खाडी. पावसाळ्यात मोठे गोटे वरच्या पात्रातच अडकतात, रेती तळावरून सरकते, बारीक माती पाण्याबरोबर खाडी गाठते. खारे पाणी लागताच तिचे कण एकमेकांना चिकटून जड होतात आणि खाली बसतात. उधाणाची भरती ते पुन्हा उचलते, भांगाला ते स्थिरावतात. मुखाशी लाटा रेती ढकलून दांडा तयार करतात. शिडाच्या जमान्यात भरती साधून गलबते महाडपर्यंत माल आणीत. तांडेलाला तळाची ही चाल तोंडपाठ असे.

ती मोजताही येते. खडकवासल्याच्या केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्राने भाभा अणुसंशोधन केंद्राच्या साह्याने मुंबई बंदरात असे प्रयोग केले. किरणोत्सारी स्कँडियम असलेल्या काचेची भुकटी तळावर सोडायची आणि ती कुठे जाते याचा माग काढायचा. उपसलेला गाळ कुठे टाकावा म्हणजे तो परत येणार नाही, हे त्यातून कळते. जागा चुकली तर उपशाचा खर्च दरवर्षी नव्याने!

22 जुलै 2021 च्या अतिवृष्टीत तळिये, साखर सुतारवाडी व केवनाळे येथे दरडी कोसळल्या, महाडची बाजारपेठ बुडाली, दुकानांत चिखल भरला. पुढे सावित्रीतला गाळ काढण्यात आला. आम्ही त्याच्या विरोधात नाही. मात्र उपसा काठावरच रचला तर पुढच्या पावसात तो पुन्हा पात्रात जातो. रेतीसाठी तळ अती खोल केला तर काठ ढासळतो, पुलाचे खांब उघडे पडतात.

म्हणून गोदामाची जागा घेताना 2021 च्या पुराची खूण आधी पाहावी. खाडीकाठी धक्का बांधायचा असेल तर शिशाचे वजन बांधलेल्या दोराने, पावसाळ्याआधी व नंतर, भरती-ओहोटीची तीच वेळ धरून खोली मोजावी आणि वहीत लिहावी. निदान दोन वर्षे. धक्क्याला महाराष्ट्र मेरीटाइम बोर्डाची परवानगी लागतेच. अर्जाबरोबर ही वहीही दाखवावी.