संकटाची रंगीत तालीम



‘तालीम’ ह्या शब्दाचा अर्थ कोल्हापूरच्या मुलाला कोशात पाहावा लागत नाही. मोतीबाग तालीम, गंगावेस तालीम, शाहूपुरी तालीम ही नावे लहानपणापासून त्याच्या कानांवर पडलेली असतात. पहाटे तांबड्या मातीत उतरून मल्ल जोर-बैठका काढतो, तो काही त्याच दिवशी कुस्ती असते म्हणून नव्हे. कुस्तीच्या दिवशी हातपाय विचारण्यापूर्वीच चालावेत म्हणून. नाटकमंडळींतही तालीम असते, आणि प्रयोगापूर्वी पोशाख, दिवे व पडदे यांसह जी शेवटची तालीम होते तिला रंगीत तालीम म्हणतात. कोणाचा प्रवेश चुकतो, कोणाची तलवार म्यानातून निघत नाही, हे त्या वेळीच उघडकीस आले म्हणजे प्रयोगाच्या रात्रीची फजिती टळते.

अशीच एक रंगीत तालीम आपल्या राज्यात शासनाची अनेक खाती मिळून करीत असतात. तीत तिकीट नसते, टाळ्या नसतात, आणि जो शत्रू आला असे समजून सर्व धावपळ करावयाची तो शत्रू डोळ्यांना दिसतही नाही. ही तालीम किरणोत्सारी संकटाची होय. तिचा थोडासा परिचय करून द्यावा, आणि कोल्हापूरच्या मुलांनी तिच्यापासून काय घ्यावे हे सांगावे, एवढाच ह्या लेखाचा हेतू आहे.

पालघर जिल्ह्यात बोईसरच्या पश्चिमेस, समुद्रकाठी, तारापूर अणुवीज केंद्र आहे. १९६९ साली तेथील पहिल्या दोन अणुभट्ट्या सुरू झाल्या, आणि अणूपासून वीज निर्माण करणारे भारतातील पहिले केंद्र होण्याचा मान त्या गावास मिळाला. पुढे २००५ व २००६ साली प्रत्येकी ५४० मेगावॅट शक्तीच्या आणखी दोन भट्ट्या तेथे चालू झाल्या. अणुभट्टीत युरेनियमच्या अणूंचे विभाजन होऊन उष्णता निघते. तिच्यायोगे पाण्याची वाफ होते आणि ती वाफ वीजयंत्राचे चक्र फिरविते. मात्र ह्या विभाजनात मागे जे पदार्थ उरतात ते किरणोत्सारी असतात. ते भट्टीच्या आतच कोंडून ठेवण्यासाठी एकाबाहेर एक अशी अनेक आवरणे असतात. ती सर्व एकाच वेळी निकामी होणे ही फार दुर्मीळ गोष्ट आहे. परंतु दुर्मीळ म्हणजे अशक्य नव्हे, हे शहाणा मनुष्य विसरत नाही.

किरणोत्साराचे भय वाटते ते मुख्यत्वे तो अदृश्य आहे म्हणून. पाणी चढताना दिसते, आगीचा धूर दिसतो. किरणोत्साराला रंग नाही, वास नाही, चव नाही. वास्तविक अल्प प्रमाणात तो सर्वत्र आहे. मातीत आहे, खडकांत आहे, अवकाशातूनही तो आपल्यावर येत असतो. रुग्णालयात कर्करोगावर उपचार करण्यासाठी आपण त्याची मदत घेतो. प्रश्न असतो तो मात्रेचा. आणि मात्रा किती हे केवळ मापक यंत्र सांगू शकते.

येथेच ह्या तालमीतील खरी अडचण सुरू होते. समजा, तारापूरच्या केंद्रात मोठा बिघाड झाला. तो किती मोठा आहे हे केंद्रातील शास्त्रज्ञ जाणतो. परंतु कुंपणाबाहेरच्या गावास “घरे सोडा” असे सांगण्याचा अधिकार त्याला नाही. तो अधिकार जिल्हाधिकाऱ्यांचा आहे. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यान्वये प्रत्येक जिल्ह्यात एक प्राधिकरण असते व जिल्हाधिकारी त्याचे अध्यक्ष असतात. परंतु जिल्हाधिकाऱ्यांजवळ किरणोत्सार मोजण्याची विद्या नसते. आणि जिल्हाधिकाऱ्यांनी आज्ञा दिली तरी पाड्यावरची म्हातारी घर सोडते ती त्या आज्ञेवरून नव्हे. तिच्या ओळखीचा तलाठी, पोलीस पाटील, आशाताई किंवा गुरुजी दारात येऊन सांगतो म्हणून सोडते. सारांश, ज्ञान एकाच्या हाती, अधिकार दुसऱ्याच्या हाती, आणि लोकांचा विश्वास तिसऱ्याच्या हाती, अशी ही वाटणी आहे. ह्या तिघांची गाठ घालून देणे हेच तालमीचे मुख्य प्रयोजन होय.

त्यासाठी क्रम ठरलेला आहे. बिघाडाच्या तीन पायऱ्या मानल्या आहेत. पहिली केंद्रातील एखाद्या विभागापुरती, दुसरी केंद्राच्या संपूर्ण आवारापुरती, आणि तिसरी आवाराबाहेर लोकवस्तीपर्यंत पोहोचणारी. पहिल्या पायरीची तालीम दर तीन महिन्यांनी, दुसरीची वर्षातून एकदा आणि तिसरीची दोन वर्षांतून एकदा करण्याची रीत आहे. पहिल्या दोहोंची जबाबदारी केंद्राच्या व्यवस्थापकांची. तिसरी मात्र जिल्हा प्रशासनाची. केंद्राभोवती सुमारे १६ किलोमीटर त्रिज्येचे वर्तुळ कल्पून त्यातील गावांसाठी आगाऊ योजना तयार असते. त्या वर्तुळाचे चक्राच्या आऱ्यांप्रमाणे १६ भाग पाडलेले असतात. असे का, ते सांगतो. वारा ज्या दिशेस वाहतो त्या दिशेच्या भागासच अधिक धोका असतो. सर्व वर्तुळ रिकामे करू लागल्यास रस्ते तुंबतील, आणि ज्याला खरोखर निघावयाचे आहे तोच अडकून पडेल.

तालमीच्या दिवशी केंद्रातून निरोप निघतो. तो नियंत्रण कक्षात पोहोचतो. किती वाजता निघाला, किती वाजता पोहोचला, कोणी घेतला, हे सर्व लिहून ठेवतात. महसूल, पोलीस, आरोग्य, अग्निशमन, राज्य परिवहन, पशुसंवर्धन, पाणीपुरवठा अशा खात्यांचे अधिकारी एकत्र येतात. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाचे जवान रक्षक पोशाख घालून मापक यंत्रे घेऊन येतात. भाभा अणुसंशोधन केंद्र आणि अणुऊर्जा खात्याचे तज्ज्ञ सल्ला देतात. निवडक गावांत लोकांना दारे-खिडक्या लावून घरातच थांबावयास कसे सांगावे, आयोडीनच्या गोळ्या कशा वाटाव्या, गाड्यांतून निवाऱ्यापर्यंत कसे न्यावे, तेथे प्रत्येकाची तपासणी करून अंग-कपडे कसे स्वच्छ करावे, ह्याचा अभ्यास होतो. दूध, भाजीपाला व पाणी यांवर निर्बंध घालण्याचाही विचार करावा लागतो.

ह्या आयोडीनच्या गोळीविषयी दोन शब्द अवश्य सांगितले पाहिजेत. अणुभट्टीच्या अपघातात किरणोत्सारी आयोडीन बाहेर पडण्याचा संभव असतो. आपल्या गळ्यातील अवटु ग्रंथी आयोडीन ओढून घेते. खरे कोणते आणि घातक कोणते हा विवेक तिला नाही. म्हणून आधीच साध्या आयोडीनने ती भरून टाकली म्हणजे घातक आयोडीनला जागा उरत नाही. परंतु ही गोळी योग्य वेळीच घ्यावी लागते, आणि किरणोत्सारी सिझियम किंवा कोबाल्ट यांपुढे तिचा काही उपयोग नाही. तेव्हा वेळ सांगणारा शास्त्रज्ञ, आज्ञा देणारा अधिकारी आणि हातावर गोळी ठेवणारी परिचारिका यांपैकी एकाचीही साखळी तुटली, तर औषध पेटीत असूनही रोगी निराधार!

साखळी तुटल्याने काय घडते, ह्याची उदाहरणे जगाने पाहिली आहेत. २६ एप्रिल १९८६ रोजी तेव्हाच्या सोव्हिएत संघात चेर्नोबिल येथे अणुभट्टीचा स्फोट झाला. शेजारच्या प्रिप्यात नगरातील जवळजवळ पन्नास हजार लोकांना तेथून हलविण्यास सुमारे छत्तीस तास लागले. मधल्या दिवशी मुले नेहमीप्रमाणे शाळेत गेली, बाहेर खेळली. तेथे सत्य ठाऊक असलेल्यांनी ते उघड करण्यास विलंब लावला. दुसरे उदाहरण जपानचे. ११ मार्च २०११ रोजी भूकंप व त्सुनामी यांमुळे फुकुशिमा येथील केंद्रात अपघात झाला. वाऱ्याबरोबर किरणोत्सारी द्रव्ये कोठे जातील ह्याचा अंदाज करणारी यंत्रणा जपान सरकारपाशी होती. परंतु तिचा अंदाज नामिए ह्या गावापर्यंत पोहोचलाच नाही. तेथील हजारो लोक जीव वाचविण्यासाठी त्सुशिमा नावाच्या डोंगराळ भागात जाऊन राहिले, आणि पुढे वारा नेमका त्याच दिशेस वाहिला. यंत्रे होती, विद्वान होते, लोक आज्ञाधारक होते; एका कचेरीतला कागद दुसऱ्या कचेरीत गेला नाही, एवढेच उणे होते.

कोणी म्हणेल, “तारापूर आपल्यापासून किती लांब! आपणास ह्याची चिंता कशाला?” त्यास उत्तर देण्यासाठी दिल्लीच्या मायापुरी भागात जाऊ. एका विद्यापीठाच्या प्रयोगशाळेतील, अनेक वर्षे न वापरलेले एक उपकरण २०१० च्या आरंभी लिलावात भंगार म्हणून विकले गेले. त्यात कोबाल्ट-६० हा तीव्र किरणोत्सारी पदार्थ होता. भंगार बाजारात ते फोडण्यात आले. कामगार आजारी पडू लागले. एकाचा मृत्यू झाला. एप्रिलमध्ये डॉक्टरांना शंका आली, तेव्हा अणुऊर्जा नियामक मंडळाला कळविण्यात आले. मग तज्ज्ञ आले, पोलिसांनी रस्ता अडविला, आपत्ती प्रतिसाद दल आले, आणि ते चमकणारे तुकडे शोधून काढण्यात आले. तेथे अणुभट्टी नव्हती; होते ते फक्त भंगार.

आता आपल्या शिरोली आणि गोकुळ शिरगाव येथील ओतकामाचे कारखाने आठवा. तुमच्यापैकी अनेकांचे वडील वा काका तेथे काम करतात. भट्टीत भंगार लोखंड वितळते. काही ठिकाणी ओतीव वस्तूंतील दोष पाहण्यासाठी किरणोत्सारी साधनेही वापरतात. २००८ साली फ्रान्समध्ये उद्वाहकाच्या बटणांत कोबाल्ट-६० आढळला, आणि ते पोलाद भारतातून गेलेले होते असे निष्पन्न झाले. म्हणजे कोणाच्या तरी भट्टीत, कोणाच्याही नकळत, तो वितळून गेला होता. तेव्हा हा विषय तारापूरच्या कोळ्यांचा जितका, तितकाच कोल्हापूरच्या ओतकाऱ्याचाही आहे.

आणि सहकार्याचा धडा तर पंचगंगेने आपल्याला स्वतःच शिकविला आहे. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी, हे येथील लहान मूलही सांगेल. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेले, शिरोलीजवळ महामार्ग बुडाला, शाळा व मंगल कार्यालये निवाराघरे झाली. राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे उघडले की खालच्या गावांस कळले पाहिजे. कृष्णेचे पाणी पुढे कर्नाटकात आलमट्टी धरणाकडे जाते, म्हणून दोन राज्यांनी एकमेकांशी वेळेवर बोलले पाहिजे. पाणी सीमा मानीत नाही, वाराही मानीत नाही; सीमा मानतात त्या कचेऱ्या. ३९ आणि ४३ हे दोन आकडे सर्वांनी एकच अर्थाने समजून घेतले आहेत, म्हणून कित्येकांची गुरे वेळेवर सुटतात. किरणोत्साराच्या बाबतीत असे सर्वमान्य शब्द आणि आकडे रूढ करणे, हे तालमीचे दुसरे मोठे कार्य आहे.

तालमीत सारे काही सुरळीत पार पडले, असे कोणी सांगू लागला तर मला थोडा संशयच येतो. दूरध्वनी कोणी उचलला नाही. गाडी आली पण चालकास गाव ठाऊक नव्हते. मराठीत दिलेली सूचना कारखान्यातील परप्रांतीय मजुरास कळली नाही. अंथरुणाला खिळलेल्या वृद्धाची नोंदच यादीत नव्हती. असे दोष शोधण्यासाठीच तालीम असते. म्हणून निरीक्षक नेमलेले असतात, आणि अखेरीस सर्वांसमोर उणिवा वाचून दाखवितात. वस्ताद शिष्याची चूक आखाड्यात दाखवितो, तेव्हा शिष्य रागावत नाही. खात्यांनीही रागावू नये. उत्तरपत्रिकेवरील तांबड्या खुणांकडे तुम्ही ज्या दृष्टीने पाहावे अशी आमची इच्छा असते, तीच ही दृष्टी.

आता तुमच्या वाट्याचे काम. पिवळ्या फलकावर मध्यभागी ठिपका व भोवती तीन पाती असे चिन्ह दिसले, तर ते किरणोत्साराचे चिन्ह समजावे. अशी, किंवा अनोळखी जड धातूची डबी भंगारात सापडली तर तिला हात लावू नये, फोडू नये, घरी नेऊ नये. दूर व्हावे, इतरांस दूर करावे, आणि ११२ ह्या क्रमांकावर पोलिसांस कळवावे. दूर होण्याने किती लाभ होतो तो गणिताने पाहा. लहानशा उगमापासून अंतर दुप्पट केल्यास मात्रा चतुर्थांश होते, तिप्पट केल्यास नवमांश. थोडा वेळ थांबणे, दूर राहणे आणि मध्ये भिंत असणे, ही तीन संरक्षणे होत. पालकांसही विनंती आहे की, संकटाच्या वेळी अधिकृत सूचनेची वाट पाहावी आणि ऐकीव वार्ता पुढे धाडू नये. कारण खोटी बातमी ही साखळीतील सर्वांत कच्ची कडी आहे.

आपल्या शाळेत कधी घंटा अवेळी वाजेल आणि तुम्हांस रांगेने मैदानात जावयास सांगण्यात येईल. त्या वेळी हसत-खिदळत जाऊ नका. ती तुमची तालीम आहे. पुढचा मुलगा कोठे आहे हे पाहा, मागच्या लहानग्याचा हात धरा, आणि वर्गात कोणी मागे राहिले असेल तर शिक्षकांस सांगा. जे जाणतो ते वेळेवर योग्य माणसास सांगणे, ह्या एका सवयीवर मोठमोठी खाती उभी राहतात. आणि ती सवय लागते ती शाळेतच.

अभ्यासासाठी प्रश्न

१. तारापूरच्या योजनेत वर्तुळाचे १६ भाग का पाडले आहेत?
२. नामिए गावच्या लोकांची चूक होती काय? कारण द्या.
३. उगमापासून एक मीटरवर जी मात्रा मिळते, तिचा कितवा भाग चार मीटरवर मिळेल?
४. आपल्या गल्लीत पूर आल्यास कोणाला मदतीशिवाय घर सोडता येणार नाही, ह्याची यादी वडीलधाऱ्यांच्या मदतीने तयार करा.