झेंडूच्या मांडीला मांडी लावून टोमॅटो

अगं, गॅलरी चार फुटांची आहे, त्यात फुलं लावू की भाजी, हा प्रश्नच सोडून दे. उल्हासनगरच्या कॅम्प तीनमध्ये कुणाला दोन-दोन गॅलऱ्या असतात? दोन्ही लाव आणि शेजारी शेजारी लाव. फक्त जोड्या जुळवताना रंग शेवटी बघायचा. आधी तहान बघ, मग ऊन. आणि त्याहून आधी विष बघ. त्याचं सांगतेच पुढे.

तहान म्हणजे काय, तर चिनी गुलाबाला कोरडं आवडतं आणि पुदिन्याला सतत ओल लागते. हे दोघं एका कुंडीत घातलेस तर एक सडेल किंवा एक वाळेल. झेंडू आणि टोमॅटो, झेंडू आणि मिरची, यांचं मात्र छान जमतं. ऊन सारखं, पाणी सारखं. शिवाय झेंडूच्या मुळांतून असं काही पाझरतं की टोमॅटोच्या मुळांवर गाठी आणणारे सूत्रकृमी कमी होतात. टोमॅटोवाल्या शेतकऱ्यांना तर सोळा ओळींमागे एक ओळ झेंडूची लावायला सांगतात. फळ पोखरणाऱ्या अळीचा पतंग अंडी घालायला झेंडूकडे वळतो आणि टोमॅटो वाचतो. तू कुंडीसाठी बुटका, लाल-पिवळा मखमली झेंडू घे. तो उंच, केशरी, तोरणाचा झेंडू मिरचीवर सावली धरतो.

दसऱ्याचं तोरण सुकलं की त्यातलं बी पेरायचा मोह सगळ्यांना होतो. पेर की! पण बाजारातलं फूल बहुतेक संकरित असतं, बी कमी धरतं आणि रोप आईसारखं येईलच असं नाही. फुलायला साधारण दोन महिने लागतात, म्हणजे फुलं मिळतील ती मार्गशीर्षाच्या गुरुवारांना. दिवाळीला फूल हवं असेल तर सरळ कळ्या आलेलं रोप आण.

शेवंतीची एक गंमत ऐक. तिला रात्र मोठी झाल्याशिवाय कळी धरता येत नाही. तुझ्या गॅलरीसमोर रस्त्याचा दिवा रात्रभर ढणढण जळतो ना, त्याच्या उजेडात ती पानंच काढत बसेल. आणि तू मात्र खत घालून घालून थकशील. रात्री कुंडी अंधाऱ्या कोपऱ्यात सरकव, झालं. वालपापडीच्या जुन्या गावठी वाणांचंही तसंच, थंडीचे छोटे दिवस आल्यावरच ती फुलते. म्हणून वाल आत्ताच पेर, कठड्यावर चढव. जांभळ्या शेंगांचा मिळाला तर बघणारे शोभेचा वेलच समजतील. सोबतीला निळा गोकर्ण.

तुझी गॅलरी दक्षिणेला आहे, नशीबवान आहेस. पावसाळ्यात तिथे ऊन नव्हतं म्हणून आशा सोडू नकोस. सप्टेंबर संपला की सूर्य दक्षिणेला कलतो आणि ऊन पार आतपर्यंत येतं. ऑक्टोबरच्या उकाड्यात कोवळी रोपं दुपारी माना टाकतात, तेवढे आठ-दहा दिवस जुनी ओढणी बांध. उत्तरेच्या खिडकीत मात्र टोमॅटोचा हट्ट नको. तिथे ओवा, पुदिना, रंगीत पानांचा कोलियस.

आता विष. शोभेचं अळू, तेच ते गुलाबी-पांढऱ्या शिरांचं कॅलेडियम, आणि आपलं वड्यांचं अळू शेजारी ठेवू नकोस. सासूबाई संध्याकाळच्या अंधारात पान खुडतात. नुसत्या खाजेवर निभावणार नाही, घसा सुजतो. कण्हेर आणि अडेनियम भाजीच्या आसपासही नकोत. सदाफुली ठेव, रंगाला तिच्यासारखी कामाची कुणी नाही, पण कुणी साखरेवर उपाय म्हणून पान चावायला सांगितलं तर हसून विषय बदल. तिच्यापासून व्हिन्क्रिस्टीनसारखी कॅन्सरची औषधं करतात, ती चावून खायची वस्तू नव्हे. आणि नर्सरीतून आणलेल्या रोपाचं फूल किंवा मिरची लगेच तोंडात नको, त्यावर काय फवारलंय देव जाणे. पुढचा बहर येऊ दे.

जास्वंद आणि भेंडीसुद्धा लांब लांब ठेव. दोघी एकाच कुळातल्या, एकीवरचा पिठ्या ढेकूण दुसरीवर जातो. भेंडीचं ते पिवळं, पोटात गर्द लाल असलेलं फूल बघून कुणीही तिला शोभेचंच झाड म्हणेल. अंबाडीही त्याच कुळातली. लाल देठ, लाल बोंडं. मला विचारशील तर गॅलरीत एकच शोभेचं झाड लावायचं झालं तर मी अंबाडी लावीन.

शेजारच्या सिंधी आंटींसाठी एक पसरट कुंडी कर. आपला कॅम्प मुळात दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी बराकींचा. फाळणीनंतर सिंधी कुटुंबं त्यांत आली, १९४९ साली राजगोपालाचारींच्या हस्ते पायाभरणी झाली आणि त्याचं उल्हासनगर झालं. आंटींची साई भाजी अजून आपल्या जिन्यात दरवळते. पालक, चुका आणि शेपू, तिन्ही या हवेत मस्त येतात. मध्ये लाल माठाची एक रांग टाक, हिरव्यात तो उठून दिसतो. उपटू नकोस, कापून घे, पुन्हा फुटतो. शेपूची दोन रोपं फुलू दे. त्या पिवळ्या छत्र्यांवर येणारे चित्रांगी भुंगे वालावरचा मावा खातात. चुक्याचंही एखादं रोप राखलंस तर त्याला गुलाबी, कागदी झुबके येतात.

दोन गोष्टी फार न बोलता सांगते. वालधुनी नदीच्या काठची माती फुकट मिळते म्हणून आणू नकोस, त्या पाण्यात काय काय गेलंय ते सगळ्यांना ठाऊक आहे. आणि वजन. बारा इंची कुंडी भिजली की वीस किलोच्या आसपास जाते. मे २०२१ मध्ये आपल्याच गावात दोन इमारतींचे स्लॅब कोसळून माणसं गेली, विसरू नकोस. अर्धी माती, अर्धं कोकोपीट आणि शेणखत, कुंड्या भिंतीलगत. कठड्याबाहेर एकही टांगायची नाही, खाली मुलं खेळतात.

वालासाठी सुतळी नको, भिजून कुजते. नायलॉनची दोरी बांध, शेंगा धरल्या की वेल जड होतो. आणि पहिली पापडी कोवळी असतानाच काढ, नाहीतर वेल फुलायचा थांबतो.