वापरलेला कॅमेरा कुठे विकावा

वापरलेल्या कॅमेऱ्याला एकच एक भाव नसतो. तीच बॉडी दुकानाच्या काउंटरवर एका भावाने जाते, नव्या कॅमेऱ्याच्या बदल्यात दुसऱ्या, ओळखीतल्या फोटोग्राफरला तिसऱ्या आणि मोबाइलवर जाहिरात टाकली तर चौथ्या. यांत काउंटरचा भाव बहुधा सर्वांत कमी असतो आणि त्यात वावगे काही नाही. दुकानदाराचे भांडवल अडकते, गाळ्याचे भाडे असते, पुढच्या गिऱ्हाइकाला थोड्या दिवसांची हमी द्यावी लागते. वावगे असते ते फोनवर एक भाव सांगून विकणारा दारात आल्यावर दुसरा काढणे. त्या प्रकाराला इथे थोडी जास्त जागा दिली आहे. प्रस्तुत लेखकाचे त्यात पंधरा हजार रुपये गेले आहेत.

बॉडी आणि लेन्स यांचे बाजार वेगळे आहेत. बॉडी ही इलेक्ट्रॉनिक वस्तू. नवे मॉडेल आले की तिचा भाव उतरतो आणि सहसा पुन्हा चढत नाही. निकॉनचा एफ माउंट १९५९पासूनचा, कॅननचा ईएफ १९८७चा. २०१८मध्ये दोन्ही कंपन्यांनी मिररलेस कॅमेऱ्यांसाठी झेड आणि आरएफ हे नवे माउंट आणले आणि कपाटात पडून असलेल्या डीएसएलआर बॉडी स्वस्त होत गेल्या. लेन्सचे तसे नाही. कॅननची ईएफ लेन्स अडॅप्टर लावून नव्या बॉडीवर ऑटोफोकससकट चालते, म्हणून तिला अजून मागणी आहे. निकॉनच्या एएफ-डी लेन्सना मात्र स्वतःची मोटर नसते. त्यांचा फोकस बॉडीतली मोटर फिरवते आणि निकॉनच्या एफटीझेड अडॅप्टरमध्ये ती मोटर नाही. त्यामुळे अशी लेन्स मिररलेसवाल्याला नको असते आणि निकॉनच्याच डी ७५० या डीएसएलआरवर लग्ने काढणाऱ्याला हवी असते. वस्तू कोणाच्या कामाची आहे ते आधी पाहावे, ठिकाण त्यावरून ठरवावे. सगळे एकाच जागी, एकाच दिवशी, एका गठ्ठ्यात विकण्याची सोय महागात पडते.

घरातून निघण्यापूर्वी शटर काउंट, म्हणजे शटर आजवर किती वेळा उघडले तो आकडा, माहीत असावा. निकॉनच्या बहुतेक बॉडी हा आकडा फोटोच्या माहितीत लिहितात. शेवटचा जेपीईजी फोटो तपासला की तो कळतो. कॅननच्या बऱ्याच बॉडींचा आकडा फोटोत नसतो, कॅमेरा संगणकाला जोडून काढावा लागतो. कंपनीने सांगितलेली शटरची क्षमता डी ७५० साठी दीड लाख आणि कॅनन ६डी साठी एक लाख आहे. तिथे पोचताच शटर मोडते असे नाही, पण घासाघीस त्या आकड्यावरून होते. भावाची अपेक्षा बिलावरून धरू नये. डिजिटल कॅमेऱ्यावर १ जानेवारी २०१९ पूर्वी २८ टक्के जीएसटी होता, त्यानंतर तो १८ टक्के झाला. जुन्या बिलातला तो जादा कर कोणी परत देत नाही.

मुंबईत फोर्टमधला बोरा बाजार आणि दादाभाई नौरोजी रस्त्याचा परिसर हे कॅमेऱ्यांचे जुने ठिकाण. दिल्लीत चांदनी चौकातला कूचा चौधरी. दुकाने लागून लागून असल्यामुळे तासाभरात चार ठिकाणी भाव विचारता येतो, हा अशा बाजाराचा खरा फायदा. प्रस्तुत लेखकाने तो घेतला नाही. २०२३च्या श्रावणात डी ७५० बॉडी आणि २४-१२० लेन्स यांचे फोटो पाठवून त्याने एकाच दुकानाकडून फोनवर भाव घेतला: बॉडीचे ३६ हजार, लेन्सचे २२ हजार, मिळून ५८ हजार. "साहेब, तुम्ही फक्त या, पैसे तयार आहेत," हेही फोनवरच ऐकायला मिळाले. पावसात अंबरनाथहून, लोकलच्या गर्दीत बॅग पोटाशी धरून पोचल्यावर कळले की तपासणारा माणूस आज आलेला नाही. ठेवून जा, उद्या या. लेखक ठेवून गेला. पावती मागितली तेव्हा व्हिजिटिंग कार्डाच्या पाठीवर "डी ७५०, लेन्स १" एवढे लिहून मिळाले. सिरीयल नंबर नाही.

दुसऱ्या दिवशी भाव ४३ हजार झाला होता. लेन्सचे आठ हजार फंगसपायी गेले. काउंटरवरच्या मुलाने मोबाइलचा टॉर्च लेन्समधून मारून दाखवला. अशा उजेडात कुठल्याही वापरलेल्या लेन्समध्ये धुळीचे कण दिसतात, तसे दिसलेही. फंगस असा सुट्या कणांसारखा नसतो. त्याला कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू फुटलेले असतात. शिवाय निकॉनची अशी जी प्रकारची लेन्स बॉडीवरून काढली की तिचे अॅपर्चर मिटते, आणि मागची बारीक पट्टी बोटाने सरकवल्याशिवाय आरपार नीट दिसत नाही. ती पट्टी कोणी सरकवली नव्हती. लेखकाने तसे म्हटल्यावर मुलाने मोबाइल खिशात टाकला. "साहेब, आम्ही रोज हेच करतो."

बॉडीचे सात हजार एका काळ्या ठिपक्याने खाल्ले. हा ठिपका तिपाईच्या स्क्रूच्या छिद्रात होता. "हा रिकॉलचा पीस आहे." डी ७५० २०१४मध्ये बाजारात आला. काही नगांत तीव्र प्रकाशाचा उगम चौकटीच्या कडेशी असला की विचित्र आकाराचा फ्लेअर येतो असे आढळल्यावर निकॉनने जानेवारी २०१५मध्ये ते फुकट दुरुस्त करून देण्याचे जाहीर केले. ज्या नगांची दुरुस्ती झाली किंवा जे मुळातच सुधारून बनवले गेले, त्यांच्या तिपाईच्या छिद्रात काळा ठिपका असतो. म्हणजे ठिपका ही दोष नसल्याची खूण आहे. ही माहिती लेखकाला ४३ हजार घेऊन घरी पोचल्यावर मिळाली.

तीन आठवड्यांनी, गणपतीच्या तोंडावर, नव्या कॅमेऱ्याची जादा बॅटरी घ्यायला त्याच गल्लीत जावे लागले. त्याच दुकानाच्या काचेच्या कपाटात ती लेन्स होती. हूडवरची खरचटलेली रेघ कोणाच्या तरी हळदीला दाराच्या कडीवर घासून पडलेली, ती लांबूनही ओळखता आली. लेखकाने लेन्स बघायला मागितली आणि तिचा सिरीयल नंबर मोबाइलमधल्या बिलाच्या फोटोशी ताडला. नंबर तोच. चिठ्ठीवर भाव २६,५०० आणि खाली "मिंट, नो फंगस". मुलगाही तोच. त्याने लेखकाला ओळखले नाही, किंवा ओळखल्याचे दाखवले नाही. "काच बघा, एकदम साफ," म्हणत टॉर्च मात्र मारून दाखवला. या वेळी पट्टी सरकवून. मधल्या काळात लेन्स साफ करून घेतली असेल, असे यावर कोणी म्हणेल. फंगस काढायला लेन्स उघडावी लागते, आणि काचेवरच्या लेपात तो मुरला असेल तर काढल्यावरही डाग राहतो. उघडलेल्या लेन्सला "मिंट" म्हणत असतील तर शब्दच बदलले म्हणायचे.

काउंटरवरच विकायचे असेल तर वस्तू रात्रभर मागे ठेवू नये. तपासणारा नसेल तर बॅग उचलून शेजारच्या दुकानात जावे. लांबून आलेला माणूस रिकाम्या हाताने परतायला तयार नसतो, हे काउंटरपलीकडे चांगले माहीत असते. तेव्हा कुठून आलो हे सांगूच नये. फोनवरचा भाव व्हॉट्सअॅपवर लिहून मागावा आणि कोणत्या कारणाने किती कापणार हेही. "टॅक्सचे अठरा टक्के जातात" असे सांगून पूर्ण किमतीवर कापणाऱ्याला मार्जिन स्कीमबद्दल विचारावे: जुन्या मालाच्या व्यापाऱ्याला जीएसटी खरेदी-विक्रीतल्या फरकावरच भरण्याची सोय आहे. कमिशनवर ठेवायचे झाल्यास सिरीयल नंबर, किमान भाव, टक्केवारी आणि परतीची तारीख सहीशिक्क्यासह लिहून घ्यावी.

एक्स्चेंजमध्ये जुन्या वस्तूचा भाव डोळे दिपवणारा असू शकतो, कारण त्यात नव्या वस्तूवरची सूट मिसळलेली असते. आधी जुन्याचा विषय न काढता नव्या कॅमेऱ्याचा रोख भाव विचारावा, मग एक्स्चेंजचा हिशेब मांडावा.

चांगला भाव बहुधा वापरणाऱ्याकडूनच मिळतो. लेखकाकडची ८०-२०० एएफ-डी लेन्स फोर्टमध्ये कोणी हातात धरायला तयार नव्हते. ती फोटोग्राफरांच्या एका व्हॉट्सअॅप गटातून कराडला गेली, मागितलेल्या भावापेक्षा फक्त पाचशे रुपये कमी घेऊन. तालुक्याच्या गावांत डीएसएलआर अजून रोजच्या कामात आहेत आणि तिथला गिऱ्हाईक टॉर्च न मारता चार फोटो काढून बघतो. ओळखीत विकताना दोष आधी सांगावेत. नाहीतर पुढे बिघाड झाल्यावर तोंड चुकवत फिरण्याची वेळ येते.

जाहिरात टाकून विकताना भाव बरा मिळतो, पण फोन झोपू देत नाहीत. वस्तू न पाहता होकार देणारा, लष्करात असल्याचे सांगणारा आणि लगेच क्यूआर कोड पाठवणारा माणूस गिऱ्हाईक नसतो. यूपीआयने पैसे घ्यायला पिन लागत नाही; पिन मागितला की पैसे जाणार आहेत. आलेला एसएमएस किंवा दाखवलेला स्क्रीनशॉट धरू नये, खात्यातली शिल्लक बघावी. फसगत झालीच तर १९३० या क्रमांकावर लगेच कळवावे. भेट दिवसा, बँकेच्या शाखेसारख्या वर्दळीच्या जागी ठेवावी.

फिल्मच्या कॅमेऱ्यांचे गणित निराळे आहे. पेंटॅक्स के १०००, निकॉन एफएम२ यांना शिकणारे आणि हौशी लोक विचारतात. घरोघरच्या आगफा क्लिक थ्रीला आठवणीपलीकडे फारशी किंमत येत नाही. चोर बाजारातल्या मटन स्ट्रीटवर असे कॅमेरे ढिगाने दिसतात. तिथे विकत घ्यायला जावे, विकायला नाही.

वेळही पाहावी. तुळशीच्या लग्नानंतर लगीनसराई सुरू होते आणि फोटोग्राफर त्याआधी, दसरा-दिवाळीच्या सुमारास खरेदी करतात. श्रावणात मागणी थंड असते, हवा दमट असते आणि फंगसचा आरोप सहज चिकटतो. लेखकाने नेमका तोच महिना निवडला होता. विकेपर्यंत लेन्स ड्राय कॅबिनेटमध्ये किंवा सिलिका जेल टाकलेल्या घट्ट डब्यात, ४० ते ५० टक्के आर्द्रतेत ठेवाव्यात आणि विकायला निघण्याच्या दिवशीच पट्टी सरकवून, टॉर्च मारून त्यांचा व्हिडिओ काढावा.

व्यवहार ठरल्यावर विकत घेणाऱ्याचे नाव, तारीख, रक्कम आणि सिरीयल नंबर असलेली पावती करावी. चोरीचा माल घेणे भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे, म्हणून दुकानदार आधार मागतात. त्यांना पहिले आठ आकडे झाकलेले आधार द्यावे आणि प्रतीवर कारण व तारीख लिहावी. मूळ बिल देताना त्याचा फोटो ठेवून घ्यावा. कॅमेऱ्याच्या मेनूतून स्वतःचे कॉपीराइट नाव काढावे, मोबाइल अॅपशी असलेली जोडणी तोडावी, सेटिंग मूळ स्थितीला आणावे. मेमरी कार्ड सोबत देऊ नये. फॉरमॅट केलेल्या कार्डातले फोटो रिकव्हरीच्या सॉफ्टवेअरने अनेकदा परत निघतात, आणि ते बहुधा दुसऱ्यांच्या लग्नाचे असतात.