आवाज खाली ठेवण्याचा धडा



जुमाच्या नमाजनंतर एक गृहस्थ थांबले आणि त्यांनी आपल्या घरचा प्रश्न मांडला. मुले दोन, एक पाच वर्षांचे आणि दुसरे सात. सुरुवातीची काही वर्षे मुलांना घरीच शिकवायचे, असे पती-पत्नीने ठरवले होते. कुरआनचे पठण व्हावे, दीनचे संस्कार व्हावेत आणि मराठी, गणितही नीट यावे, हा त्यामागचा हेतू. परंतु सहा महिन्यांतच घराचा रंग पालटला. एकाने नूरानी कायदा उघडला की दुसऱ्याला भूक लागते. एकाचा पाढा अडतो, तोवर गॅसवरची डाळ करपते आणि आईचा आवाज चढतो. त्या भगिनीने पतीजवळ निरोप दिला होता, "मौलानांना विचारा, मी दिवसभर ओरडतच असते. याला दीनी तर्बियत म्हणायचे का?"

हा प्रश्न एकाच घरचा नाही. म्हणून त्याचे उत्तर येथे सविस्तर लिहीत आहे.

पवित्र कुरआनच्या सूरह लुकमानमध्ये एक पिता आपल्या मुलाला शिकवताना दिसतो. आयत 13 ते 19 मधील या उपदेशाचा क्रम पाहावा. सर्वप्रथम तौहीद, मग मोहरीच्या दाण्याएवढे कृत्यही अल्लाहपासून लपत नाही ही जाणीव, त्यानंतर नमाज, सत्कर्माचा आग्रह आणि संयम, शेवटी लोकांशी वागण्याची, चालण्याची आणि बोलण्याची रीत. लुकमान आपल्या मुलाला तीनदा लाडाच्या संबोधनाने हाक मारतात, आणि आवाज खाली ठेवण्याच्या शिकवणीने त्यांचा उपदेश संपतो. आता विचार करा, हा शेवटचा धडा ओरडून कसा शिकवता येईल? जो धडा आपल्याच वागण्याने खोडला जातो, तो मूल पुस्तकातून कितीही वेळा वाचो, त्याच्या मनात आपले वागणेच उतरते.

मग चूक सुधारायची कशी? आदरणीय उमर बिन अबी सलमा (रजि.) यांची हदीस सहीह बुखारी व सहीह मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. ते उम्मे सलमा (रजि.) यांचे पुत्र. पित्याच्या निधनानंतर ते प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या घरी वाढले. जेवताना त्यांचा हात ताटात सगळीकडे फिरत असे. प्रेषितांनी (स.) त्यांना जवळिकीने हाक मारून तीनच गोष्टी सांगितल्या : अल्लाहचे नाव घ्यावे, उजव्या हाताने खावे आणि आपल्या समोरचे खावे. या तिन्ही वाक्यांत 'हे करू नकोस' असे एकदाही आलेले नाही, हे आपल्या लक्षात आले का? चूक कोणती झाली याचा पाढा न वाचता योग्य काय ते सांगितले. तेही दुरून नव्हे, त्याच ताटाशी बसून. उमर (रजि.) पुढे सांगतात की, त्यानंतर त्यांची जेवण्याची रीत कायम तशीच राहिली. एका जेवणातील तीन छोटी वाक्ये आयुष्यभर पुरली.

दुसरी गोष्ट घाईची. हदीसनुसार मुलांना नमाजची आज्ञा सातव्या वर्षापासून द्यायची असते आणि सक्तीचा विचार दहाव्या वर्षी येतो. दिवसाच्या पाच नमाज धरल्या, तर या तीन वर्षांत प्रेमाने सांगण्याच्या सुमारे साडेपाच हजार संधी मिळतात. नमाजसारख्या दीनच्या स्तंभाबाबतही शरीयत एवढा अवधी देते, तर पाच वर्षांच्या मुलाला सातचा पाढा आजच आला पाहिजे, हा हट्ट आपण कशासाठी धरतो? त्या वयाच्या मुलासाठी एका बैठकीत पंधरा-वीस मिनिटे पुरे आहेत. उरलेले शिक्षण घरातच पसरलेले असते. दस्तरखान अंथरताना ताटे मोजणे हे गणित आहे, वाण्याची यादी वाचणे ही मराठी आहे आणि वुजू करताना नळ बारीक ठेवणे हा अपव्यय टाळण्याचा धडा आहे.

तिसरी गोष्ट आईच्या थकव्याची. सूरह नूरच्या आयत 58 मध्ये अल्लाहने आज्ञा दिली आहे की, वयात न आलेल्या मुलांनीही तीन वेळी परवानगी घेऊनच मोठ्यांच्या खोलीत यावे : फजरपूर्वी, दुपारी विश्रांतीसाठी कपडे उतरवता तेव्हा आणि इशानंतर. या आयतीत लज्जेची शिकवण आहेच. त्याचबरोबर घरातील काही वेळ मोठ्यांचा स्वतःचा असतो, हेही तिच्यातून स्पष्ट होते. तेव्हा भगिनींनो, दुपारी अर्धा तास दार लोटून पडण्यात अपराध वाटून घेऊ नका. मुलांना दार वाजवून थांबायला शिकवा. तोही त्या दिवसाचा एक पाठच आहे.

आता बंधूंनो, थोडे आपल्याविषयी. त्या गृहस्थांना मी विचारले, "घरी शिकवायचे दोघांनी ठरवले, मग शिकवते कोण?" ते काही बोलले नाहीत. आदरणीय आयेशा (रजि.) यांना प्रेषितांच्या (स.) घरातील दिनक्रमाविषयी विचारले गेले, तेव्हा त्यांनी सांगितले की, ते घरच्यांच्या कामात असत आणि नमाजची वेळ झाली की बाहेर पडत. ज्यांच्यावर साऱ्या उम्मतची जबाबदारी होती, त्यांना घरकामासाठी वेळ होता. आपण निदान मगरिब आणि इशाच्या दरम्यानचा वेळ मुलांना द्यावा. सबक ऐकावा, एखाद्या नबींची हकिकत सांगावी आणि मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवावा. तेवढ्या वेळात आईला उसंत मिळेल आणि तिचा आवाजही आपोआप खाली येईल.

एक सावधगिरीही सांगितली पाहिजे. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने 6 ते 14 वयोगटातील प्रत्येक मुलाला मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क दिला आहे. घरी शिकवणे म्हणजे मुलाला शिक्षणाविना ठेवणे नव्हे. पुढे शाळेत घालायचे, की राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेमार्फत परीक्षा द्यायच्या, याचा विचार आजच करून ठेवा. सातव्या वर्षी मुलाचे मराठी वाचन कच्चे राहत असेल, तर घरच्या शिक्षणाचा अभिमान बाजूला ठेवून शाळेची वाट धरण्यात कमीपणा नाही.

आणि एखाद्या दिवशी आवाज चढलाच तर? तर रात्री मुलाला जवळ घेऊन सांगा, "आज माझे चुकले, मला माफ कर." चूक मान्य करणे मुलाने कधी तरी आपल्याकडूनच शिकायचे आहे. त्या भगिनीला मी हाच निरोप पाठवला. आपल्या ओरडण्याची तिला खंत वाटते, म्हणजे तिच्या घरातील तर्बियत सुरू झालेली आहे. तिची सुरुवात मोठ्यांपासून झाली, एवढेच.

अल्लाह आपल्या घरांना शांती देवो, मुलांना आपल्या डोळ्यांचा गारवा करो आणि आपल्याला मृदू वाणी व संयम प्रदान करो. आमीन.