शब्दांचा मेळा

एके काळी नांदेड व लातूर हा मुलूख निजामाच्या राज्यात होता. राज्यकारभाराची भाषा उर्दू होती. जाहीर सभा भरवावयाची, तर सरकारची परवानगी घ्यावी लागे. मराठी लेखक-कवींना एकत्र जमणेही सोपे नव्हते. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान मुक्त झाले आणि मराठीची वाट मोकळी झाली.

पुढे १९८५ साली नांदेडला व २०२२ साली लातूर जिल्ह्यातील उदगीरला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. अशा संमेलनाच्या प्रारंभी ग्रंथदिंडी निघते. परिसंवादात मतभेदही निर्भयपणे मांडले जातात. कविकट्ट्यावर खेड्यातला नवा कवीही आपली कविता वाचतो. श्रोते दाद देतात. जाणकार उणिवा दाखवितात. त्यातूनच लेखणीला धार येते.

शाळेचे हस्तलिखित ही याच वाटेवरची पहिली पायरी होय.